जाणारा कुठला, येणारा कुठला?

नगरच्या सावेडीत डिसेंबरच्या सकाळी एखादा गृहस्थ गच्चीवर दोन पाइपांना आळीपाळीने हात लावताना दिसला, तर तो व्यायाम करत नसतो. न्हाणीघरात सोलरचं पाणी कोमट आलेलं असतं आणि टाकीतून पॅनेलकडे जाणारा पाइप कुठला, तापून परत येणारा कुठला, याचा तपास चाललेला असतो. जिन्यातून आवाज येतो, "अहो, गरम लागेल तो येणारा!" सल्ला बिनचूक. फक्त सकाळी सहाला दोन्ही पाइप सारखेच गार असतात, आणि पाणी वापरलं नाही तर दुपारी दोनला दोन्ही चटका देतात.

ओळख पटते ती मधल्या वेळेत. पॅनेलवर ऊन पडून थोडा वेळ झाला की वरच्या कोपऱ्यातून निघणारा पाइप तापू लागतो, खालच्या कोपऱ्यात शिरणारा अजून थंडच असतो. लंडनला मुलाकडे गेलेल्या नगरकर आजोबांनाही रेडिएटरपाशी हेच करावं लागतं. बॉयलर नुकताच पेटला असेल तेव्हा जो पाइप आधी तापतो तो जाणारा. उशिरा तापतो तो परतीचा. म्हणजे तिकडे गरम पाइप जाणारा आणि सावेडीत गरम पाइप येणारा. आजोबांनी फोनवरून दिलेला सल्ला इथे उलटा पडतो तो यामुळेच.

शिवाय तिकडे पाणी ढकलायला पंप असतो. आपल्या गच्चीवर तोही नाही. 20 अंशांचं लिटरभर पाणी भरतं 998 ग्रॅम, 60 अंशांचं 983. या पंधरा ग्रॅमच्या फरकावर तापलेलं पाणी वर चढतं, थंड खाली उतरतं आणि घरादाराच्या आंघोळी होतात. म्हणून टाकी पॅनेलपेक्षा उंच हवी. दिसायला बरी म्हणून खाली बसवली, तर रात्री चक्र उलटं फिरतं आणि दिवसभराची कमाई आभाळाला परत जाते.

काचेच्या नळ्यांच्या सोलरात तर तपासाला जागाच नाही. एकाच नळीत वरच्या अंगाने गरम पाणी चढतं, खालच्या अंगाने थंड उतरतं. एसटीच्या दारात चढणारे आणि उतरणारे एकदमच घुसावेत, तसं. फरक एवढाच की पाणी भांडत नाही.

याच जिल्ह्यात हा खेळ मोठ्या प्रमाणावर पाहायचा तर शिर्डीला जावं. साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयाच्या छतावर 2009 साली 73 शेफलर आरसे बसवले, प्रत्येक सोळा चौरस मीटरचा. आरसे सूर्याकडे तोंड फिरवत राहतात आणि ऊन एका ठिकाणी गोळा करतात. पाणी वरच्या आडव्या नळातून खाली उतरतं, तिथे तापतं आणि वाफ होऊन त्याच नळात परततं. मग ती वाफ स्वयंपाकघरात जाऊन भात-वरण शिजवते. ढग आले की बॉयलर आहेच. वाफ आणि पाणी यांत घोळ घालणारा तिथे फार वेळ टिकणार नाही.

घरात मात्र पाइपाचा रंग थोडीफार साक्ष देतो. पिवळसर सीपीव्हीसी गरम पाण्याला चालतो, पांढरा यूपीव्हीसी थंडाला. गीझरलाही निळी खूण थंडाची, लाल गरमाची असते, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह थंडाच्या बाजूला असतो. पण प्लंबरच्या स्कूटरला त्या दिवशी जो पाइप बांधलेला असेल, तोच शेवटी बसतो.

म्हणून काही शहाणी माणसं पाइपावर बाण काढून ठेवतात. मग दिवाळीआधी रंगारी येतो, गच्चीचं काम झाल्यावर डब्यात थोडा ऑइलपेंट उरलेला असतो, आणि तो दोन्ही पाइपांना मोठ्या प्रेमाने एकच हिरवा रंग देऊन जातो.