जेरीस

मेटाकुटीला माणूस कष्टानं येतो. रडकुंडीला पोरं आपली आपण येतात. नाकी नऊ कामाच्या रगाड्यात येतात. जेरीस मात्र कुणीतरी आणावं लागतं. फारसीत ‘जेर’ म्हणजे खाली. तेव्हा वर कुणीतरी बसलेलं हवंच. आमच्या शहरावर फारसी लिहिणाऱ्यांनी शतकानुशतकं राज्य केलं, त्यामुळे या शब्दावर आपला वडिलोपार्जित हक्क आहे असं मी धरून चालतो. मूळ गाव कोकणात असलं म्हणून काय झालं!

याचाच भाऊ ‘जेरबंद’. घोड्यानं मान उडवू नये म्हणून छातीखालून बांधायचा पट्टा. घोडे गेले, पट्टा उरला, त्यात आता चोर आणि बिबटे अडकतात. 2019च्या डिसेंबरात आमच्या शहरातल्या सिडको एन-वनमध्ये बिबट्या शिरला. तो जेरबंद होईस्तोवर पकडणारे जेरीस आले. एकच ‘जेर’, पण पिंजऱ्याच्या दोन्ही बाजूंना! हे मी लग्नाच्या पंगतीत सांगितलंय, बारशात सांगितलंय, एकदा दहाव्यालाही सांगितलं. भटजींनी तेवढी दाद दिली. बाकीचे जेरीस आलेले दिसतात मला, पण पुढचं वाक्य इतकं छान असतं की थांबवत नाही.

नळाचं पाणी लांबलं तेव्हा कॉलनीचा अर्ज लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी झोकात सुरुवात केली, ‘आम्ही नागरिक जेरीस आलो आहोत...’ आणि व्युत्पत्तीही सांगितली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, “मग आपल्या वर कोण बसलंय?”

इथे माझी फारसी अडली. जायकवाडी धरण आपल्यापेक्षा खाली. पैठणहून पाणी उपसून वर चढवावं लागतं. 1976 पासून ते आहे, दरवाजे उघडले की आम्ही फोटो काढायला जातो, आणि घरी परत येऊन कोरड्या नळाखाली बादली मांडतो. मलिक अंबरानं चारशे वर्षांपूर्वी विजेची मोटार नसताना शहरात पाण्याची नहर आणली होती. त्यावर व्याख्यान द्यायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात काकूंचे गुडघे दिसले. टँकर आला की खालून हंडा त्याच चढवतात. मी कधी विचारलं नव्हतं.

“काकू, तुम्ही सांगा, मी लिहितो.”

“लिहा. पाणी कधी येणार, तो वार आणि वेळ आधी कळवा. रात्री दोनला सोडू नका.”

लिहिलं. सही मात्र मी ऐसपैस केली. बाकीच्यांना समासात करावी लागली.