समजून द्या काय ते

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत आकडा नेहमी दुसऱ्यानेच ठरवलेला. पणजोबा होळकर दरबारात कारकून, १९४८ साली संस्थान विलीन झाल्यावर आजोबा मध्य भारत सरकारच्या नोकरीत, वडील बँकेत. पहिल्या तारखेला पगार यायचा, तो मोजून कपाटात ठेवायचा. भाव करणं हे सियागंजातल्या लोकांचं काम. अशा कुळात हा फ्रीलान्स वेब डिझायनर निपजला. राजेंद्रनगरातल्या गच्चीवरच्या खोलीत दोन मॉनिटर लावून बसतो. काम झकास करतो. फक्त ‘किती घेणार?’ म्हटलं की घसा कोरडा पडतो.

घरून निघताना हिशेब पक्का असतो. चाळीस तासांचं काम, तासाला ५०० रुपये, झाले २० हजार. सियागंजातल्या मसालेवाल्या सेठजींच्या गादीपर्यंत पोचेतो त्याचे १५ होतात. सेठजी चहा मागवतात, त्या ओशाळेपणात १२. मग सेठजी मुद्द्यावर येतात, “तो भिया, कितना लोगे?” आणि आपला गडी हसून म्हणतो, “आप समझकर दे दीजिए.”

सेठजी समजूतदारच. ते सहा हजार समजतात.

पण खरा पेच सेठजींनी पुढे टाकला. “फ्लेक्सवाला स्क्वेअर फुटाने लावतो. तू कशाने लावतोस?” प्रश्न चोख होता. (या धंद्यात इतका नेमका प्रश्न मी तरी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.) पानावर लावावं तर सेठजी पाच पानांची तीन करून मागतात. तासावर लावावं तर हात जितका बसेल तितकी कमाई घटते. आधी आठवडा लागणारं काम दोन दिवसांत उरकणाऱ्याने पैसे कमी का घ्यावेत? एकरकमी ठरवावं तर ‘एक छोटासा चेंज’ सुरू होतो. लोगो थोडा मोठा, लाल थोडा कमी लाल, हळदीच्या जागी धणे. हे रात्री साडेअकराला व्हॉट्सअॅपवर. सोबत फोटो, त्यात मिरचीपेक्षा सेठजींचा अंगठा मोठा.

मग कुठेतरी वाचलं, की गिऱ्हाइकाला फायदा किती होणार त्यावर दर लावावा. आपल्या या डिझायनर भाऊंनी लगेच सेठजींना विचारलं, “आपका टर्नओवर कितना है?” सियागंजात! सेठजींनी चहाचा कप खाली ठेवला, मुनीमजींनी वही मिटली आणि पुढचे पंधरा दिवस फोन लागेना. हा आयकरवाल्यांचा माणूस असावा असा बाजाराचा समज झाला.

परदेशी गिऱ्हाईक बरं म्हणून फाइव्हरवरही नाव घातलं. २०१० साली पाच डॉलरच्या कामांवर सुरू झालेलं हे दुकान कमाईतले २० टक्के स्वतःकडे ठेवतं. पण तिथे भाव आधी लिहावा लागतो, तोंडाने सांगावा लागत नाही. म्हणून भाऊंना ते वीस टक्के जड वाटत नाहीत.

आपल्या लोकांचं तर विचारूच नका. गणेशोत्सव मंडळाची वेबसाइट म्हणजे सेवा. मंडळ शाल-श्रीफळ देतं. डोमेन आणि होस्टिंगचे पैसे दरवर्षी भरावे लागतात, हे सांगायचा धीर न झाल्याने ते भाऊच भरतात.

एकदा मात्र आरशासमोर तालीम करून त्यांनी एका डॉक्टरांना ३५ हजार सांगितले. डॉक्टर म्हणाले, “ठीक आहे. अर्धे आत्ता पाठवतो.” झालं, भाऊंची झोप उडाली! पन्नास म्हणायला हवे होते की काय? आणि एवढे घेतले म्हणजे लुबाडलंच की! पापक्षालन म्हणून त्यांनी लोगो फुकट दिला, व्हिजिटिंग कार्ड फुकट दिलं, वर्षभराची देखभालही अंगावर घेतली.

वहिनी त्याच घरात दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतात. शेजारच्या काकूंनी चकलीचा भाव उतरवायला सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या, “काकू, चहा घ्या ना. भाव तोच आहे. निम्मे आधी.” काकूंनी दोन्ही ऐकलं. मग वहिनींनी नवऱ्याकडून फराळाचं पान बनवून घेतलं. त्याने कोपऱ्यात बारीक अक्षरात टाकलेला भाव त्यांनी चकलीच्या फोटोपेक्षा मोठा करायला लावला.

भाऊंच्या स्वतःच्या वेबसाइटवर ‘दर’ नावाचं एक सुंदर पान आहे. त्यावर लिहिलंय, ‘कृपया संपर्क साधा.’