पेणला जाम, रोह्याला मुक्काम

रोह्याच्या मामेसासऱ्यांकडे निघालो, तेव्हा पेण हे आमच्या लेखी पोह्याचे पापड घेण्यापुरतं गाव होतं. खारपाड्याचा पूल ओलांडल्यापासून गाडी डावीकडे ओढत होती. मी म्हटलं, रस्ताच कललाय. 2011 पासून रुंद होत असलेल्या महामार्गावर कुठलाही आरोप खपतो. मग जळका वास आला.

‘कुठेतरी पापड भाजतायत.’

‘अहो, चाकात?’

पेणमध्ये उतरून पुढच्या डाव्या चाकाकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. पाय केव्हाच उचलला होता, ब्रेकनं मात्र चाक सोडलं नव्हतं. ‘तुमच्यावर गेलीय,’ बायको म्हणाली. ‘धरलं की सोडायचं नाही.’ (मेहुण्याच्या लग्नातली जिलबी मी अजून धरून आहे, हे खरं. पण ती खरंच संपली होती.)

सल्लागार जमले. एकाला हँडब्रेकचा संशय. तो मागच्या चाकांना असतो, हे दुसऱ्यानं ओरडून सांगितलं. तिसरा बादलीच घेऊन आला. तापल्या डिस्कवर गार पाणी ओतलं तर ती वाकडी होईल, म्हणून मेकॅनिकनं त्याला परतवलं.

जॅक लावला, चाक हलेना. कॅलिपरचा निपल सैल केला. तेल उडालं आणि चाक गरगरलं. ‘पिस्टन चांगलाय. तेल अडकलंय.’ मला ब्रेक दाबायला लावून चाक पुन्हा जाम केलं आणि आता रबरी पाइपाचा वरचा जोड सोडला. चाक ढिम्म. म्हणजे चोर त्या हातभर पाइपातच. बाहेरून धडधाकट, आतून फुगून बुजलेला.

‘काका, तेल जाताना पायाचा जोर असतो. परत यायला कोण ढकलणार? पिस्टनचं रबर केसभर मागं ओढतं, तेवढंच.’

नवा पाइप येईपर्यंत शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात बसलो. रंगवलेल्या मूर्तींची रांग, डोळे कोरे. एक म्हातारी बाई श्वास रोखून आखणी करत होती. दुसरा डोळा झाला आणि गणपती एकदम आमच्याकडे बघू लागला. बायकोनं माझा तेलकट हात धरला. जिलबीचा विषय कुणी काढला नाही.

पाइप बसला, ब्रेकमधली हवा काढली. नागोठणं, भिसे खिंड, कुंडलिका, सगळं अंधारात गेलं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख रोह्याचे, हे मामांनी दारातच सांगितलं. मग आमची कथा ऐकून त्यांचा चेहरा पडला.

‘पेणला कशाला उघडलात? आमच्या धाटावला माणूस आहे. उद्या त्याच्याकडून परत उघडून बघू.’