दीड टनाचे अप्पा

"वहिनी, आधी तो रिमोट खाली ठेवा."

अप्पा आमच्या घरात पहिल्यांदा आले तेव्हा नमस्कारचमत्काराच्या आधी हे बोलले. एप्रिल महिना, ठाण्याचा खाडीकाठ, घामानं चष्मा नाकावरून घसरतोय, आणि मी एसी बंद-चालू, बंद-चालू करत होते. कारण वारा येत होता, पण गार येत नव्हता. अप्पांनी मनगट वर करून घड्याळ बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आम्ही चौघंही शोकसभेत उभं राहावं तसे उभे. बरोबर तीन मिनिटांनी बाहेर छज्ज्यावर 'घुर्र' झालं.

"कॉम्प्रेसर बंद पडला की लगेच उठत नाही. दोन्हीकडचा दाब सारखा व्हावा लागतो. तुम्ही दर मिनिटाला बटण दाबता, तो बिचारा दर वेळी पहिल्यापासून मोजतो. तीन मिनिटं धीर नसेल तर माणसानं हातपंखा घ्यावा."

एवढं बोलून ते चहा न घेता गेले. नंतरच्या भेटींमध्ये त्यांनी तो चहा व्याजासकट वसूल केला, ही गोष्ट वेगळी.

प्रत्येक सोसायटीत एक अप्पा असतातच. ते मेकॅनिक नव्हेत, पैसेही घेत नाहीत. पण मेकॅनिक यायच्या आधी येतात, मेकॅनिक असताना थांबतात, आणि मेकॅनिक गेल्यावर त्याचं काय चुकलं ते सांगायला पुन्हा येतात. आमचे अप्पा रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. तिथं नेमकं काय करायचे, असं विचारलं की "मेंटेनन्स" एवढंच म्हणतात. जुनी माणसं 'बॅरिस्टर' हा शब्द ज्या आवाजात उच्चारायची, त्या आवाजात.

या जातीच्या माणसांवर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मोठं संकट कोसळलंय. रेडिओ गेले. स्कूटरचा प्लग काढून कानशीनं घासायचे दिवस गेले. मिक्सर बिघडला तर लोक नवा आणतात. मोटारीचं बॉनेट उघडलं तर आत काळं झाकण आणि त्यावर 'हात लावू नये' असा भाव. अशा पडत्या काळात स्प्लिट एसी आला आणि अप्पा तरले. कारण या यंत्राचं अर्धं अंग घरात आणि अर्धं बाहेर लटकलेलं. मधून तांब्याच्या दोन नळ्या, एक जाड, एक बारीक, शिवाय पाणी जायला प्लॅस्टिकची तिसरी. सगळं हात लावून बघता येतं. ते गळतं, गुरगुरतं, थरथरतं, बर्फ धरतं. तक्रार करणारं यंत्र आता उरलंयच कुठं?

अप्पांची एक कापडी पिशवी आहे, कुणाच्या तरी मुंजीत मिळालेली. तिच्यात टेस्टर, पक्कड, जुना टूथब्रश, सायकलचा पंप, दाढीचा ब्रश, रद्दीवाल्याकडे असतो तसला आकड्याचा काटा आणि फिश टँकमधला थर्मामीटर. नातवाचे मासे गेले, थर्मामीटर राहिला. एसी चालू झाला की अप्पा तो आधी वर जाळीपाशी धरतात, मग खाली वारा येतो तिथे. दोन्हींत आठ ते बारा अंशांचा फरक पडला तर यंत्र ठणठणीत. असा निकाल लागला की त्यांचा चेहरा उतरतो. "काही नाही, चांगला चाललाय," असं म्हणत ते पिशवीची गाठ मारतात.

अप्पांचं तत्त्वज्ञान एका वाक्याचं आहे: गॅस संपत नाही, गॅस जातो.

हे वाक्य त्यांना दर उन्हाळ्यात उच्चारावं लागतं, कारण एसीला काहीही झालं तरी मेकॅनिक एकच सांगतो, "मॅडम, गॅस खतम." पाणी गळतंय? गॅस. आवाज येतोय? गॅस. एकदा तर रिमोटचे सेल उतरले होते, तेव्हाही एकाने आधी गॅसचा भाव सांगितला. अप्पा मग सोफ्याच्या काठावर सरकून बसतात. "हा काय स्वयंपाकाचा गॅस आहे का, जाळला आणि संपला? बंद नळीतला गॅस आहे. आत उकळतो, बाहेर पुन्हा पाणी होतो, परत आत येतो. कुठंही जळत नाही. कमी झाला असेल तर कुठंतरी भोक आहे. क्यों रे, छेद किधर है, वो दिखाव पहले." अप्पांचं हिंदी व्हीटीला गाडीत चढतं आणि दादरलाच उतरतं. पण मेकॅनिकला ते कळतं. तो मुकाट्यानं स्टुलावर चढतो.

आमच्या बेडरूममधल्या एसीनं कपाटावर पाणी गाळायला सुरुवात केली तेव्हा हेच झालं. मेकॅनिक म्हणाला गॅस. अप्पा इनडोअरकडे बघायलाही तयार नव्हते. ते प्लॅस्टिकच्या नळीचा माग काढत बाल्कनीत गेले. तिथं सासूबाईंची बादली. एसीचं पाणी फुकट जायला नको म्हणून त्यांनी नळीचं टोक बादलीत सोडलेलं. त्यातलं तुळशीला आणि उरलेलं घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला. बादली काठोकाठ, टोक पाण्यात बुडालेलं.

"नळीचं नाक दाबलंय तुम्ही," अप्पा म्हणाले. "पुढे पाणी, मागे पाणी, मध्ये हवा कोंडलेली. ते जाणार कुठं? तुमच्या कपाटावर."

टोक वर काढलं, तरी धार येईना. मग सायकलचा पंप निघाला. चार दट्टे मारल्यावर नळीतून साबुदाण्याच्या पेजेसारखा बुळबुळीत गोळा बाहेर पडला आणि बादलीत 'डुबुक' झाला. धूळ आणि ओल यांची ही संयुक्त संतती दर उन्हाळ्यात प्रत्येक घरात जन्माला येते. मेकॅनिकला बोलवायची गरज नसते. जाळी पंधरवड्याला नळाखाली धुवावी आणि नळीला उतार ठेवावा, एवढं पुरतं. जाळी तुंबली तर वारा अडतो, कॉइलवर बर्फ धरतो, आणि तो वितळला की पुन्हा कपाट. बॅटरीचं मात्र अप्पांनी सासूबाईंना कडक शब्दांत सांगितलं. "हे पाणी दिसायला स्वच्छ, पण कॉइलवरची धूळ आणि धातू धुऊन आलंय. तुळशीला घाला, बॅटरीला नको." सासूबाईंना राग आला. बॅटरीला जे नको ते तुळशीला चालतं, हा त्यांना धर्मावरचा घाव वाटला.

या दोघांचं जमत नाही ते तेव्हापासून. एका वर्षी आउटडोअरच्या मागे कबुतरानं काड्या रचल्या. मागची जाळी बंद, हवा आत ओढायला जागा नाही, कॉम्प्रेसर दहा मिनिटांत तापून बंद. अप्पा पक्कड घेऊन सरसावले तर आत दोन अंडी. सासूबाई दारात आडव्या. अप्पांनी बोटांवर हिशोब केला: अंडी फुटायला अठरा दिवस, पिल्लं उडायला अजून महिना. त्या वर्षी आमचा मे महिना कबुतरांच्या सोयीनं झाला.

'दीड टन' या शब्दाचाही दोघांनी भरपूर कीस काढला. सासूबाईंच्या मते एसीचं वजन दीड टन आहे आणि भिंत पडणार. अप्पांनी समजावलं की हे वजन नव्हे, बर्फाचा हिशोब आहे. चोवीस तासांत एक टन बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढं काम करणारं यंत्र एक टनाचं. टनही अमेरिकी, म्हणजे ९०७ किलोचा. "म्हणजे दीड टनाचा एसी दिवसभर चालवणं म्हणजे रोज १,३६० किलो बर्फ घरात आणणं."

"आणि तो चौथ्या मजल्यावर कोण चढवणार?" सासूबाईंनी विचारलं.

अप्पा खरंच विचारात पडले. लिफ्टची क्षमता त्यांना पाठ होती.

अप्पांचं ज्ञान असं कुठूनही सुरू होतं आणि कुठंही पोचतं. माझ्या मुलानं एसी सोळावर ठेवला तर ते त्याला विलिस कॅरियरपर्यंत नेतात. "१९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी त्यानं हे यंत्र आखलं. माणसांसाठी नव्हे रे! हवेतल्या दमटपणानं कागद फुगायचा, रंगावर रंग नीट बसायचा नाही, म्हणून. कागदासाठी केलेली सोय माणसांनी ढापली. आणि आता तुला सोळा पाहिजे? सरकारनंसुद्धा २०२० पासून स्टारवाला एसी सुरू होताना चोवीसवरच सुरू व्हावा असा नियम केलाय." मुलगा मान डोलावतो आणि अप्पांची पाठ वळली की सोळा करतो. पावसाळ्यात मात्र पापड मऊ पडले की सासूबाई ड्राय मोड लावून ताट एसीखाली ठेवतात. कॅरियरच्या मूळ हेतूच्या सगळ्यात जवळ आमच्या घरात त्याच आहेत, पण हे अप्पांना कोण सांगणार?

अप्पांच्या स्वतःच्या घरी काय, असं तुम्ही विचाराल. त्यांचा एसी अकरा वर्षं न कुरकुरता चाललाय. पाल जाऊन बोर्ड जळला नाही, मुंग्या लागल्या नाहीत, कपॅसिटर फुगला नाही. ज्या वकिलाचे सगळे नातेवाईक गुण्यागोविंदानं नांदतात त्याची जी अवस्था होईल, ती अप्पांची. काकू सांगतात, रात्री मध्येच उठून कान लावून बसतात. "काय झालं?" विचारलं तर म्हणतात, "काहीच नाही ना."

या मे महिन्यात आमच्या हॉलमधला एसी गार करेनासा झाला. मी आता शहाणी झाले आहे. जाळी धुतली, तीन मिनिटं थांबले, नळी बघितली, कबुतर नाही याची खात्री केली, आणि मगच मेकॅनिकला फोन लावला. तो पाच मिनिटांत येतो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी आला. नवा पोरगा, अप्पांची कीर्ती न ऐकलेला. त्यानं हात वाऱ्यात धरला आणि म्हणाला, "गॅस खतम."

अप्पा सोफ्याच्या काठावर सरकले. पण त्याआधी शिरस्त्याप्रमाणे बाल्कनीत जाऊन आउटडोअर बघून आले, आणि आल्यावर बराच वेळ बोललेच नाहीत. बारीक नळीवर पांढरं दव धरलं होतं. पोरानं क्लॅम्प मीटर लावला, करंट नेहमीपेक्षा कमी. थर्मामीटरमध्ये जेमतेम चार अंशांचा फरक.

"गॅस गेलाय," अप्पा म्हणाले. पोराला वाटलं, म्हाताऱ्यानं हार मानली. त्याला काय माहीत, अप्पा या भोकाची कित्येक उन्हाळे वाट बघत होते.

पोरगा थेट गॅसचं सिलिंडर लावायला निघाला, तर अप्पांनी त्याला रोखलं. भोक असताना गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी. दाढीच्या ब्रशानं साबणाचा घट्ट फेस झाला. अप्पांनी प्रत्येक नटावर तो असा लावला की शेवटी गालावरून वस्तरा फिरवतील असं वाटलं. एकही बुडबुडा नाही. मग इनडोअर खाली उतरवलं, कॉइल सोडवली, पोरानं नायट्रोजनचं सिलिंडर आणलं, एक तोंड बंद करून दुसऱ्यातून दाब भरला, आणि ती माझ्या मुलाच्या लहानपणच्या अंघोळीच्या टबात बुडवली.

पाणी शांत झालं. कोपऱ्यातून एक बुडबुडा वर आला. मग दुसरा. मोहरीएवढे, एकामागून एक.

"या, या, लवकर या!" अप्पांनी हाक मारली. संकष्टीला चंद्र दिसल्यावर गच्चीतून मारतात तशी. काकू आल्या, समोरचे आले, सासूबाईसुद्धा हात पुसत आल्या. टबाभोवती सगळे वाकलेले. खाडीकडून, नाल्याकडून जी कुजकी हवा येते ती तांब्याला कशी खाते, सुईच्या टोकाएवढं भोक कसं पाडते, हे अप्पांनी सांगितलं. घरात चौतीस अंश होते. त्यांच्या कपाळावरचा घाम टबात पडत होता आणि इतकं सुखी मी त्यांना नातवाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

नवी कॉइल चौथ्या दिवशी आली. अप्पांनी अर्धा तास व्हॅक्यूम पंप चालवायला लावला. पोरगा "दस मिनट बस होता है, काका" म्हणाला, तेव्हा त्यांनी नुसतं घड्याळ दाखवलं. आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो म्हणून पोराच्या खिशातली काडेपेटी काढून घेतली. गॅस अंदाजानं नव्हे, वजनानं भरायचा म्हणून सिलिंडर रद्दीवाल्याच्या काट्याला टांगलं. एसी गार झाला. फरक अकरा अंश. अप्पांचा चेहरा उतरला.

पोरगा जुनी कॉइल पिशवीत घालायला लागला, तर तिचं दुसरं टोक अप्पांच्या हातात.

"पुराना माल हमारा होता है, काका. तांबा है."

"तांबा तुम लेव. मेरेको उसका छेद पाहिजे."

पोरानं माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? शेवटी काटा पुन्हा निघाला, कॉइल तोलली गेली, आणि अप्पांनी भंगाराच्या भावानं रोख पैसे मोजून आमचं भोक विकत घेतलं. जाताना म्हणाले, टबही चार दिवस लागेल.

रविवारी सकाळी सहाला त्यांचा फोन आला. मागे सायकलच्या पंपाचा आवाज येत होता.

"वहिनी, झोपल्या नाहीत ना? अहो, दुसरं सापडलं."