सेक्रेटरीला कळता कामा नये

माउलींची पालखी दिवेघाट चढून गेली की पुण्यात दोनच विषय उरतात: खडकवासल्यातून किती क्युसेक पाणी सोडलं आणि रिटर्न कोणाकडून भरलं. पहिल्या विषयावर पुणेकर भिडे पुलाच्या अलीकडे छत्री धरून मत देतो. दुसऱ्या विषयावर तो तक्ता करतो.

आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त काकांचा असा तक्ता मी पाहिला. (त्यांनी दाखवला नाही. ते चहाचं सांगायला आत गेले होते.) फुलस्केप कागद, पट्टीनं मारलेल्या रेघा. डाव्या बाजूला रिटर्न भरायच्या सगळ्या सोयी: सरकारी पोर्टल, दोन-तीन खासगी संकेतस्थळं, एक मोबाइल ॲप, बँकेतला जुना सहकारी, सीए आणि कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान. वर रकाने: खर्च, जीएसटी धरून खर्च, घासाघीस केल्यावर खर्च, ओळखीनं खर्च. सगळ्यात शेवटी, कागद संपत आला म्हणून जरा अरुंद, 'सुरक्षा'. त्या रकान्यात पहिल्या ओळीत 'बरी' असं लिहिलं होतं आणि खाली ओळीनं 'तेच', 'तेच', 'तेच'.

काकांचं उत्पन्न म्हणजे पेन्शन, ठेवींचं व्याज आणि कुठल्याशा जुन्या शेअरांचा चिमूटभर लाभांश. नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंत कर लागत नाही, म्हणजे काकांचा कर शून्य. शून्य रुपये कर भरण्यासाठी माणसानं जास्तीत जास्त किती खर्च करावा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न आहे आणि तो साधा नाही. सरकारी पोर्टलवर रिटर्न भरायला एक पैसा लागत नाही, हे मी सुचवून पाहिलं. काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"फुकट आहे ना? मग काहीतरी गोम असणार."

फुकट म्हणणंही तसं बरोबर नाही. या पोर्टलच्या आणि त्यामागच्या यंत्रणेच्या कामाला केंद्रीय मंत्रिमंडळानं २०१९ मध्ये जवळपास ४,२४२ कोटी रुपये मंजूर केले. रिटर्नवर प्रक्रिया व्हायला लागणारे ६३ दिवस एका दिवसावर आणायचे, असा संकल्प होता. काम इन्फोसिसला मिळालं. ७ जून २०२१ ला नवं पोर्टल उघडलं आणि उघडताक्षणी बसलं. ऑगस्टमध्ये तर ते दोन दिवस दिसेनासंच झालं, तेव्हा अर्थ खात्यानं कंपनीचे प्रमुख सलील पारेख यांना २३ ऑगस्टला बोलावून घेऊन जाब विचारला. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात ज्याचा ज्याचा भाचा हिंजवडीत कामाला होता, त्या प्रत्येक मामानं भाच्याला फोन केला. भाचे बिचारे ऑस्ट्रेलियातल्या कुठल्या तरी बँकेचं काम करत होते. मामांना ते पटलं नाही. "तुमच्याच ऑफिसात आहे ना? उठून जाऊन सांग की त्यांना."

आता पोर्टल बरं चालतं, म्हणजे शेवटच्या तारखेपर्यंत. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, ३१ जुलैची मुदत आधी १५ सप्टेंबर झाली आणि त्या रात्री पोर्टलनं दम टाकल्यावर १६ सप्टेंबर. काकांनी तेव्हा जुलैतच भरून टाकलं होतं. सरकारनं आपल्याला फसवलं, असं ते अजून म्हणतात.

ज्यांना इंटरनेटवर काही भरायचं नाही, त्यांच्यासाठी आयकर खात्याची ऑफलाइन सोय आहे. फाइल उतरवून घ्यायची, घरच्या संगणकावर निवांत भरायची, शेवटी अपलोड करायची. खर्च शून्य, आणि मधल्या काळात माहिती आपल्या घराबाहेर जात नाही. तक्त्यात हिला जागाच नव्हती. तिचा एक्सेलचा अवतारही आहे, पण त्यात एक गंमत आहे. जगातला प्रत्येक सुरक्षातज्ज्ञ कंठशोष करून सांगतो, की इंटरनेटवरून उतरवलेल्या एक्सेल फाइलमधले मॅक्रो चालू करू नका. ही फाइल उघडली की पहिली सूचना असते: मॅक्रो चालू करा.

खासगी संकेतस्थळांचं तंत्र निराळं. तिथे दारात 'मोफत' लिहिलेलं असतं आणि आपण आत शिरून पॅन, पगार, बँक खातं, घरभाडं सगळं ओतून झालं, की शेवटच्या पानावर कळतं की तुमच्या लाभांशाला वरची योजना लागते. माहिती देऊन झालेली असते. परत मागायची सोय नसते. पैसे तेवढे वाचवता येतात, म्हणून काका त्या पानावरून माघारी फिरले आणि दुसऱ्या संकेतस्थळावर गेले. तिथेही तेच झालं. एकूण तीन कंपन्यांना सगळी माहिती फुकट देऊन काकांनी प्रत्येकी काहीशे रुपये वाचवले आहेत. त्यापुढे फोन येऊ लागले: विमा, कर्ज, म्युच्युअल फंड. "यांना माझा नंबर कुठून मिळतो कोण जाणे!" असं ते दर फोनला म्हणतात.

या कलेत आपण एकटे नाही. काकांची मुलगी न्यू जर्सीत असते. अमेरिकेत घरी बसून रिटर्न भरायचं म्हणजे सॉफ्टवेअर विकत घ्यायचं, हा रिवाजच आहे. टर्बोटॅक्स विकणाऱ्या इंट्युइट कंपनीनं 'फुकट, फुकट' अशा जाहिराती करून लोकांना पैसे भरायला लावले, या आरोपावरून २०२२ मध्ये तिथल्या सगळ्या राज्यांशी तडजोड केली आणि १४.१ कोटी डॉलर मोजले. मग तिथल्या सरकारनं २०२४ मध्ये स्वतःची मोफत सोय काढली, आधी १२ राज्यांत, पुढच्या वर्षी २५ राज्यांत, आणि लोकांना ती आवडू लागल्यावर बंद केली. काकांना हे सांगितलं, तर त्यांना दुःख झालं ते एवढंच, की मुलगी भरते त्या डॉलरांत इथे सीए येऊन-जाऊन वर्षभर मिळाला असता.

आता 'सुरक्षा' या अरुंद रकान्याकडे वळू.

काका सुरक्षेबाबत बेफिकीर आहेत, असा कोणाचा समज होईल. मुळीच नाही. त्यांच्या खिडकीला दोन ग्रिल आहेत. पासबुक ते वर्तमानपत्रात गुंडाळून बँकेत नेतात. त्यांच्या रिटर्नची प्रत सोसायटीच्या सेक्रेटरीच्या हाती लागू नये, म्हणून त्यांनी एकदा तो कागद फाडून, भिजवून, कुंडीत पुरला होता. सेक्रेटरीला कळलं तर मेन्टेनन्स वाढवेल. मेव्हण्याला कळलं तर उसने मागेल. भावाला कळलं तर वडिलांच्या घराचा विषय निघेल. पुण्यात आर्थिक गुपित म्हणजे ओळखीच्या पंधरा माणसांपासून लपवायची गोष्ट. अनोळखी माणसाला ते सांगायला काही हरकत नसते, कारण तो कोणाला सांगणार?

म्हणूनच झेरॉक्सचं दुकान. 'रिटर्न भरून मिळेल, लॅमिनेशन करून मिळेल, लग्नपत्रिका मिळतील.' तिथल्या मुलाच्या मॉनिटरवर डेस्कटॉपभर फायली पसरलेल्या असतात: अमक्यांचं आधार, तमक्यांचं पॅन, कोणाचा चेक, कोणाची सही. काका तिथे उभे राहून पासवर्ड मोठ्यानं सांगतात. कारण त्या मुलाला 'कॅपिटल' म्हटलेलं ऐकू जात नाही. रांगेतल्या शेवटच्या माणसाला मात्र नीट ऐकू जातं. सेक्रेटरी रांगेत नाही ना, एवढं काकांनी आत येतानाच पाहिलेलं असतं.

या मंडळींबद्दल आयकर खात्याचंही एक निरीक्षण आहे. १४ जुलै २०२५ ला खात्यानं देशभरात दीडशे ठिकाणी तपासणी केली, खोट्या वजावटी दाखवून परतावे काढून देणाऱ्यांवर. त्यात आढळलं, की काही जण गठ्ठ्यानं रिटर्न भरण्यापुरते तात्पुरते ई-मेल पत्ते उघडतात आणि नंतर ते तसेच सोडून देतात. म्हणजे करदात्याला आलेली खात्याची नोटीस कोणीच उघडत नसलेल्या पेटीत पडून राहते. आमच्या ओळखीत एक गृहस्थ खात्याकडून काहीच पत्र येत नाही म्हणून समाधानी आहेत. त्यांच्या नावाचा ई-मेल पत्ता कोणता, हे त्यांना ठाऊक नाही. परताव्यातला काही टक्के वाटा ते दरवर्षी कमिशन म्हणून देतात आणि ही सेवा फुकट पडते असं सांगतात.

सरकारच्या बाजूनंही गुप्ततेची काळजी घेतलेली आहे. तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांची जी जंत्री खातं तयार करतं, त्या एआयएसची फाइल कुलूपबंद येते. पासवर्ड काय, तर तुमचा पॅन लहान अक्षरांत आणि पुढे जन्मतारीख. रिटर्नच्या पावतीलाही हाच. आता पॅन पुण्यात कोणाकडे नाही? सोसायटीकडे आहे, बँकेकडे आहे, सोनाराकडे आहे, झेरॉक्सवाल्याच्या डेस्कटॉपवर आहे. त्याचं पाचवं अक्षर तर आडनावाचंच पहिलं असतं, म्हणजे काळे, कर्वे आणि कुलकर्णी यांनी तेवढा अंदाज एकमेकांचा घरबसल्या बांधावा. आणि जन्मतारीख? अहो, आपण एकसष्टीची पत्रिका छापतो. पंच्याहत्तरीला हॉल घेतो. सहस्रचंद्रदर्शनाला तर चंद्र मोजून देतो. मुलांच्या बाबतीत जन्मवेळ मिनिटासकट आणि जन्मगाव तालुक्यासकट वधूवर मंडळाच्या वहीत असतं, शेजारी पगारही. (स्थळाच्या कागदावरचं उत्पन्न आणि रिटर्नमधलं उत्पन्न यांचा मेळ घालणारं सॉफ्टवेअर कोणी काढलं, तर पुण्यात ते कितीही महाग विकलं जाईल.)

या शहरानं खरं तर सावध असायला हवं. पॅनचे अर्ज घेणाऱ्या संस्थांपैकी एक, पूर्वीची एनएसडीएल आणि आताची प्रोटियन, देशभरातले कागद पुण्यात मागवते. आधी मॉडेल कॉलनीत दीप बंगला चौकाजवळ, आता बाणेर रोडला. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास काटकरांनी भाऊ संजय यांच्यासह क्विक हील इथेच उभं केलं. आणि ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला तोही इथेच: बनावट कार्डं, २८ देशांतली एटीएम, वर हाँगकाँगच्या खात्यात वळवलेले पैसे, मिळून ९४ कोटींहून अधिक. काकांनी त्यातून धडा घेतला. ते एटीएम कार्ड वापरत नाहीत. त्यांच्या संगणकातल्या अँटिव्हायरसची मुदत मात्र केव्हाच संपली आहे, आणि उजव्या कोपऱ्यात येणारी ती खिडकी ते रोज सकाळी न चुकता बंद करतात.

आणि सरकारी पोर्टल तरी? गेल्या वर्षी दोन सुरक्षा संशोधकांच्या लक्षात आलं, की आपल्या पॅननं आत शिरायचं आणि पुढे जाणाऱ्या विनंतीत आपल्या जागी दुसऱ्याचा पॅन घालायचा, की त्याचं नाव, पत्ता, जन्मतारीख, फोन, बँकेचा तपशील समोर येतो. आपल्या फ्लॅटची किल्ली सगळ्या सोसायटीला लागावी, तसं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते भोक बुजवलं गेलं. मी ही बातमी काकांना वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे विचारलं, "आपल्या सेक्रेटरीला असलं जमतं का?" जमत नाही म्हटल्यावर त्यांनी विषय बदलला.

एक सुटकेचा मार्ग कायद्यात आहे. पंच्याहत्तरी गाठलेल्या माणसाचं उत्पन्न फक्त पेन्शन आणि व्याज असेल, आणि तेही एकाच बँकेतलं, तर बँकच कर कापून घेते, रिटर्न भरावंच लागत नाही. २०२१ पासून ही सोय आहे. पण वय पंच्याहत्तर आणि सगळ्या ठेवी एकाच बँकेत, असा माणूस मला पुण्यात अजून भेटायचाय. काका तर या नियमावर हसले. सगळी अंडी, असं काहीतरी म्हणणार होते, पण चातुर्मास होता.

शेवटी रिटर्न घरातच भरायचं ठरलं. सूनबाई माहिती-तंत्रज्ञानातली, तिनं रविवारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. खर्च शून्य, बाहेरचं कोणी नाही, ओटीपी घरातल्याच फोनवर. तिनं एआयएस उतरवलं. पासवर्ड विचारावा लागला नाही; सासऱ्यांचा वाढदिवस तिला पाठ होता. मग ती एकेक बँकेचं व्याज वाचू लागली. पहिली बँक, दुसरी बँक, तिसरी पतसंस्था. काकू शेंगा सोलत होत्या.

"बाबा, ही चौथी एफडी कुठली? लक्ष्मी रोडच्या शाखेतली?"

शेंगा सोलायच्या थांबल्या. "चौथी? अहो, मला शेगडी बदलायला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलंत ना तुम्ही?"

काका संध्याकाळी माझ्याकडे आले तेव्हा बरेच खचलेले होते. माहिती घरातूनच फुटली तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार घेतात का, असं त्यांना विचारायचं होतं.