चार लाखांचा कान

अण्णांना त्यांच्या सेटबद्दल विचारलं की पहिले दोन शब्द ठरलेले: "ठीक आहे." तिसरा शब्द "पण". या 'पण'नंतर ऐकणाऱ्याने खुर्ची ओढून घ्यावी आणि उशीर होईल म्हणून घरी कळवून टाकावं.

सेट म्हणजे टीव्हीचा नव्हे. अण्णा हॅम आहेत. हॅम म्हणजे काय, हे संगमेश्वरच्या बाजारपेठेत समजावता समजावता त्यांची निवृत्तीनंतरची पहिली दोन वर्षं गेली. परीक्षा द्यायची, पोलिसांची चौकशी पार पाडायची, दिल्लीहून संचार मंत्रालयाचा परवाना मिळवायचा आणि मग पदरमोड करून जगभरच्या अनोळखी माणसांशी रेडिओवर बोलायचं, असा हा छंद. "मंग मोबाइल हाय की," असं कोणी म्हटलं की अण्णा राजीव गांधींना बाहेर काढतात. राजीव गांधी हॅम होते, 'व्हीयू टू आर जी' ही त्यांची खूण. त्यांना काय मोबाइल परवडत नव्हता? त्या काळात आपल्याकडे मोबाइल होताच कुठे, ही शंका अण्णांपर्यंत पोचवायचं धाडस अजून कोणी केलेलं नाही.

असे अण्णा तालुक्याला एक तरी असतात. कुठे ते कॅमेऱ्याचे असतात, कुठे दुर्बिणीचे, कुठे बुलेटचे. वस्तू वापरण्यापेक्षा तिच्याबद्दल मत बाळगणं हाच त्यांचा खरा छंद. पण आमच्याकडे या प्रकाराला कोकणची माती लागते. इथे हापूसच्या पहिल्या फोडीला "वाईट नाही" म्हणतात. मुलीच्या लग्नात पाचशे पान उठलं, तर व्याही हात धुताना "मीठ बरोबर होतं" एवढंच बोलतो. 'छान' हा शब्द आम्ही माणूस गेल्यावर तेराव्यापर्यंत वापरतो, नंतर तोही काढून घेतो. मग चार लाखांच्या वर पैसे मोजून आणलेल्या यंत्राला पाचपैकी पाच तारे द्यायचे, तर ते अण्णांच्या हातून व्हायचं कसं?

तो सेट आला तो दिवस मला आठवतो. मुंबईहून तुतारी एक्स्प्रेसने अण्णा रात्रभर खोक्यावर हात ठेवून बसून आले. वजन वीस किलोच्या वर. स्टेशनवर रिक्षावाल्याने विचारलं, "देव हाय का आत?" अण्णा म्हणाले, "जपानी आहे." रिक्षावाल्याने मग खड्डे जपून घेतले. घरी वहिनींनी औक्षणाचं तबक तयार ठेवलं होतं. त्या किमतीचा हिशेब आंब्याच्या पेट्यांत करतात, आणि अजूनही त्यांचा तो हिशेब संपलेला नाही. खोकं उघडलं, सेट टेबलावर ठेवला, चालू केला. पडदा उजळला. आम्ही सगळे श्वास रोखून बसलो. अण्णा दोन मिनिटं कान देऊन ऐकत राहिले आणि म्हणाले, "पंखा वाजतो."

हे झालं त्यांचं पहिलं मत. त्यानंतर मतांची जी रीघ लागली ती आजतागायत चालू आहे. बटणं दाट आहेत. मोठा नॉब सहज फिरतो, पण जरा जास्तच सहज फिरतो. माहितीपुस्तिकेतलं इंग्रजी जपानी माणसाने आपल्या सासऱ्यासाठी लिहिल्यासारखं आहे. पडद्यावर लहरींचं जे चित्र वरून खाली सरकत राहतं त्याला 'वॉटरफॉल' म्हणतात. त्याचा निळा रंग अण्णांना पटत नाही. एकदा शेजारचे भाऊ बघायला आले. अण्णांनी दाखवलं, "हा धबधबा." भाऊंनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मार्लेश्वरासारखा?" अण्णा म्हणाले, "मार्लेश्वराचा रंग बरा आहे."

उंची सेट करणाऱ्या जपानी कंपन्या मुख्यतः तीन: आयकॉम, केनवूड आणि याएसू. अण्णांचा यांतला कोणाचा ते मी सांगणार नाही. सांगितलं तर उरलेल्या दोन पक्षांचे लोक मला समजवायला येतील. तिसऱ्या कंपनीला हॅम मंडळी 'येसू' म्हणतात. आता आमच्याच तालुक्यात शृंगारपूर आहे. शिर्क्यांचं गाव, येसूबाईंचं माहेर. एकदा एसटी स्टँडवर अण्णा फोनवर कोणाला तरी मोठ्याने सांगत होते, "मी म्हणत होतो ना, येसू सगळ्यात वर!" बाकावरच्या म्हाताऱ्याने टोपी सारखी केली आणि हात जोडले.

ते 'सगळ्यात वर' म्हणजे शेरवूडच्या यादीत. अमेरिकेत रॉब शेरवूड नावाचे एक गृहस्थ वर्षानुवर्षं सेट तपासून त्यांची क्रमवारी लावतात. शेजारी दोन किलोहर्ट्झवर कोणी बोंबलत असताना सेटला बारीक आवाज किती ऐकू येतो, त्यावर ही क्रमवारी ठरते. पूर्वी दहावीची गुणवत्ता यादी लागली की आमच्याकडे जसं कोण कितवा यावर महिनाभर खल चाले, तशी अण्णांना ही यादी पाठ आहे. अमक्याला शंभर डीबी, तमक्याला एकशे दहा. एका मर्यादेपुढे या आकड्यांनी कानाला फरक पडत नाही, असं यादी करणारा माणूस स्वतःच सांगत असतो. पण यादी वाचणारे ते वाक्य वाचत नाहीत. लग्नपत्रिकेत 'आहेर आणू नये' असतं ना, तसं.

आणि आता या गोष्टीतली खरी अडचण. शेजारी बोंबलणारा स्टेशनवाला युरोपात असतो, जपानात असतो, स्पर्धेच्या शनिवार-रविवारी तर एकाच्या खांद्यावर दुसरा उभा असतो. संगमेश्वरात कोण आहे? शास्त्री आणि सोनवी जिथे मिळतात तिथून बघाल तिथवर दुसरा हॅम नाही. गर्दीत धक्का लागू नये म्हणून बनवलेलं हे यंत्र रिकाम्या पटांगणात उभं आहे. इथे त्याला त्रास गर्दीचा नाही, माळेचा आहे.

शेजारच्या काकूंनी देवघरात लुकलुकणारी माळ लावली आहे. चिनी, दीडशे रुपयांची. ती लागली की अण्णांच्या सेटमध्ये 'खर्रर्र' असा एकसारखा आवाज भरतो आणि सगळं जग त्याखाली गाडलं जातं. एकशे दहा डीबीची बढाई मारणारा कान त्या माळेपुढे हात टेकतो, कारण खरखर ज्या वाटेने येते त्याच वाटेने जपान येतो, आणि दोघांनाही अण्णांची तार सारख्याच मायेने आत घेते. अण्णा एकदा काकूंकडे गेले. तासाभराने परत आले ते प्रसादाचे पेढे घेऊन. काकू म्हणाल्या होत्या, "अण्णा, देवापुढली माळ आहे ती. तुझा जपान काय देवापेक्षा मोठा?" बँकेत असताना अण्णांनी थकबाकीदारांना घाम फोडलेला आहे. पण या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

ती तार म्हणजे अण्णांचा अँटेना. माड आणि फणस यांच्यामध्ये ताणलेली, एकूण दहा मीटर, किंमत तीनशे रुपये. वीस मीटरच्या पट्ट्यासाठी अर्ध्या लहरीएवढी लांबी पुरते. चार लाखांचा सेट या तीनशे रुपयांच्या तारेतून बोलतो, हे अण्णांना कोणी सांगितलेलं आवडत नाही. नारळ पाडणारा मात्र प्रत्येक पाडपाला सांगतो: "अण्णा, कपडं वालत घालायला ही तार लय उंच झाली वो." वारा आला की माड हलतो, तार ढिली-ताठ होते, आणि अण्णा माडाबद्दलही मत देतात.

सेटची ताकद दोनशे वॉट. अण्णांना परवानगी पन्नास वॉटची. परीक्षेत सामान्य श्रेणी हवी असेल तर मोर्सची कट-कड-कट मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने घ्यावी आणि पाठवावी लागते. मग चारशे वॉटपर्यंत मुभा मिळते. अण्णांनी मोर्सचा अभ्यास केला. पाटावर चमच्याने केला. पण परीक्षेच्या दिवशी कानाने दगा दिला, आणि पदरात निर्बंधित श्रेणी पडली: मोर्स माफ, पन्नास वॉट. तेव्हापासून राजधानीचं इंजिन भाताच्या गिरणीला जुंपलेलं आहे. तसं पाहिलं तर दोनशेचे पन्नास केल्याने पलीकडच्याच्या मीटरचा काटा एका घराने खाली येतो, जास्त नाही. पण हे समाधान मानून घ्यायचं तर दोनशेचा सेट का घेतला, असा प्रश्न वहिनींना पडतो. म्हणून अण्णा त्या विषयावर मत देत नाहीत. त्यांनी मत दिलेलं नाही असे दोनच विषय. दुसरा पुढे येईल.

इतकं मत आहे म्हणजे वापर किती असेल, असं कोणालाही वाटेल. मी एकदा वर्षाचा हिशेब मांडला. मेमध्ये वळवाच्या विजा चमकायला लागल्या की तार काढून ठेवायची. माडावर वीज पडते हे आम्ही पाहिलेलं आहे. जून ते सप्टेंबर पाऊस. आमच्या दमट हवेत चामड्याच्या चपलेवर बुरशी येते, तिथे जपानी सर्किट काय टिकणार? म्हणून सेट गोधडीत गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्या घालून, माळ्यावर. त्यातच गणपती. चाकरमानी येतात, सेटच्या टेबलावर आरतीची तबकं येतात. मग भातकापणी, मग दिवाळी. दिवाळीला काकूंच्या माळा एकीच्या सात होतात. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी, आकाश मोकळं. तेव्हा वीज असली आणि पाहुणे नसले तर बसायचं. मग शिमगा, पालखी, मग आंबा. मोजून वीस-बावीस संध्याकाळी. उरलेले तीनशे चाळीस दिवस अभिप्रायाचे.

या दिवसांत कोणी आलं की अण्णा भारती प्रसाद यांची गोष्ट सांगतात. 2004 च्या डिसेंबरात दिल्लीच्या या बाई हॅम मंडळींना घेऊन अंदमानला गेल्या होत्या. तिथून बोलायला मिळावं म्हणून जगभरचे हॅम रांगेत उभे होते. 26 डिसेंबरला त्सुनामी आली, तारा गेल्या, आणि पोर्ट ब्लेअरमधून बाहेरच्या जगाशी बोलायला या छांदिष्टांचे सेट उरले. हे सांगताना अण्णांचा आवाज खरोखर जड होतो, त्यात ढोंग नाही. "म्हणून हा सेट," ते म्हणतात. "सगळं बंद पडेल, तेव्हा हा चालेल."

22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, आमच्याकडे शास्त्रीही फुगली होती, आणि वीज नव्हती, फोन नव्हते. तेव्हा सेट कुठे होता ते मी वर लिहिलेलं आहे. माळ्यावर, गोधडीत. हा तो दुसरा विषय.

अण्णांचं मन मोकळं होतं ते जुन्या सेटबद्दल बोलताना. या सेटसाठी त्यांनी आधीचा विकला. तो होता तेव्हा तोही "ठीक आहे, पण"च होता. मी साक्षीदार आहे. विकल्यापासून त्याच्यासारखा सेट झाला नाही. "काय कान होता त्याला!" असं म्हणून अण्णा भिंतीकडे बघतात, जिथे तो असायचा. मला वाटतं, 'छान' हा शब्द त्यांनी त्याच्यापुरता राखून ठेवलेला आहे. आणि गंमत बघा, या नव्या सेटला बाहेरच्या कोणी नाव ठेवलेलं मात्र खपत नाही. पुण्याचा एक हॅम घरी आला होता. दीड तास अण्णांच्या तक्रारी ऐकून त्याला वाटलं, आपणही हातभार लावावा. तो म्हणाला, "खरंय, याचा पंखा जरा वाजतोच." अण्णा ताठ झाले. "तुमच्याकडे कोणता आहे?" तिथून पुढे जे झालं ते भाऊबंदकीच्या दाव्यात होतं तसंच. आपल्या आंब्याला कीड म्हणायचा हक्क फक्त सातबाऱ्यावर नाव असलेल्याला.

गेल्या जानेवारीत एका संध्याकाळी मी सहज डोकावलो. अण्णा सेटपुढे बसले होते, समोर काकूंची खरखर. इतक्यात बाहेर 'फट्' झालं आणि एक फेज गेला. आमच्याकडे असं होतं: रस्त्याच्या त्या बाजूला अंधार, या बाजूला उजेड. काकूंची बाजू गेली, अण्णांची राहिली. माळ विझली. आणि सेटमधून खरखर अशी निघून गेली की क्षणभर मला वाटलं सेटच बंद पडला. मग त्या शांततेत, फार लांबून, विहिरीच्या तळातून कोणी बोलावं तसा एक म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. जपान.

अण्णांनी आवाज वाढवला. हात थरथरत होता. माईकचं बटण दाबून त्यांनी आपली खूण सांगितली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिकडून तीच खूण उलट आली, जपानी उच्चारात, पण आपलीच. वहिनी स्वयंपाकघरातून दारात येऊन उभ्या राहिल्या. मला सांगायला लाज वाटत नाही, माझ्या अंगावर काटा आला. माड आणि फणसामधल्या तारेवरून माणूस बोलत होता.

आता हे दोघे काय बोलणार? तिकडे बर्फ असेल, इकडे आंब्याला मोहोर आलेला. नदी, घर, नातवंडं, काहीतरी. अण्णांनी विचारलं, "तुमचा सेट कोणता?"

तो म्हणाला, तोच.

पुढची वीस मिनिटं मला कळलं ते एवढंच, की इंग्रजी दोघांचंही बेताचं आणि जिव्हाळा अपार. नॉब, बटणं, निळा रंग. अण्णा मान डोलवत होते, तिकडचा म्हातारा हसत होता. मी खुणेने विचारलं, गाव कुठलं? अण्णांनी हातानेच गप्प केलं. मग बाहेर फेज आला. काकूंची माळ लुकलुकली, खरखर भरली आणि जपान मधल्या मधे बुडाला. अण्णा तरीही बटण दाबून म्हणाले, "फाइव्ह नाइन, फाइव्ह नाइन." म्हणजे तुमचा आवाज खणखणीत येतोय. हॅम लोकांत हे असंच म्हणतात, जसं आमच्याकडे जेवलेल्या माणसालाही "बसा, जेवून जा" म्हणतात.

त्यांनी सेट बंद केला. बराच वेळ तसेच बसून राहिले, चेहरा असा की मी तो बँकेतल्या त्यांच्या निरोप समारंभातही पाहिला नव्हता.

"काय हो, कोण होता?" वहिनींनी विचारलं. "काय म्हणत होता एवढा?"

अण्णांनी चष्मा काढून पुसला.

"त्याचा पण पंखा वाजतो," ते म्हणाले.