बार घरचो, गाल आपलो

मालवणचा माणूस बांगडा घेताना कल्ले उचलून बघतो, डोळे बघतो, बोटाने दाबून बघतो, आणि तरीही घरी येऊन 'फसवल्यान माका' म्हणतो. हाच माणूस कुणाच्या तरी मागच्या पडवीत भरलेलं काडतूस मात्र एका शब्दाने न विचारता बंदुकीत सरकवतो आणि ती बंदूक स्वतःच्या गालाला लावतो.

कारण विचारलंत तर तयार आहे: "दुकानातला महाग, आणि परवान्यावर आकडो ठरलेलो." दोन्ही खरं. पण खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून उभा आहे, बारा बोरची काडतुसं तिथे होतात, आणि अशा कारखान्यात दारू तोलून भरतात, नमुन्याची काडतुसं झाडून दाब मोजतात. आमच्या पडवीत तोलायला चमचा, आणि चाचणीला आजोबांकडून आलेली बंदूक. त्या बंदुकीचं वय तर कुणीच विचारत नाही. धूर न करणारी दारू 1884 मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएयने शोधली. त्याआधीच्या आणि नंतरच्याही पुष्कळ नळ्या काळ्या दारूच्या बेतानेच घडवलेल्या. तिथे काळीच्या मापाने नवी दारू पडली, की दाब नळीला झेपत नाही. फुटते ती बहुधा मागच्या बाजूला, म्हणजे जिथे आपला हात आणि डोळा असतो तिथे.

जोर जास्त झाला तर ही गत. कमी झाला तर त्याहून फसवी. मृगापासून आमच्याकडे सगळंच सर्दावतं, दारूही. चाप ओढला, फुस्स झालं, काडतुसातलं बूच नळीत अर्ध्यावर अडकून बसलं. समोर रानडुक्कर, मागून मेव्हणा ओरडतोय, "मार रे मेल्या, दुसरो मार!" दुसरा मारला की डुक्कर सुखरूप, नळी उघड्या केळफुलासारखी. कधी चाप ओढून काहीच होत नाही. मग हा लगेच बंदूक मोडून आत बघतो, आणि बार त्याच वेळी उडतो. नळी मोकळ्या बाजूला धरून थोडं थांबायचं असतं. पण थांबेल तो शिकारी कसला?

सरकारही कमी नाही. विनापरवाना दारूगोळा बनवला तर शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. कायदा कडक, ठीक. पण निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. 2024 च्या विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली, ऐन भातकापणीत. डुकरांना आचारसंहिता लागू नव्हती. आणि जमा होते ती परवान्याची. बिनपरवान्याची माळ्यावर आरामात, आणि तिच्या पोटात घरचाच बार.

अपघात झालाच तर गावात सगळ्यांना कारण पाठ असतं: माडावरून पडलो. मग गाडी थेट गोव्याच्या मोठ्या इस्पितळात, बांबोळीला. माडावरून पडल्यावर तळहातात शिसं कसं शिरलं, असं तिथल्या डॉक्टरने विचारलं तर उत्तर द्यायला एक नातेवाईक सोबत न्यावा. दुसऱ्याला घरी ठेवावं, उरलेल्या दारूचा डबा चुलीजवळून हलवायला.